बेटावरच्या राखीव दलाचा भरती कायदा: पहिल्यांदाच मसुदा लिहिणाऱ्यांसाठी

मुंबईत अकरा वर्षं विधेयकांचे मसुदे लिहिल्यावर मी एका छोट्या ब्रिटिश बेटावर कंत्राटी मसुदाकार म्हणून गेले. वाटलं होतं, कायद्याची भाषा तीच, व्याख्या-कलम-अनुसूचीचा साचा तोच, तर अवघड काय असणार? पहिल्या महिन्यातच दीड पानाचं टिपण टेबलावर आलं. राखीव दलात, म्हणजे नोकरीधंदा सांभाळून अर्धवेळ सैनिकी करणाऱ्यांच्या दलात, लोक मिळत नाहीत, भरतीचा जुना कायदा बदलायचा आहे, मसुदा सहा आठवड्यांत द्या. मी दुसऱ्याच दिवशी भरतीचं कलम लिहून मोकळी झाले. ते पुढे चार वेळा बदललं आणि पाचव्यांदा सरळ फेकून दिलं.

अशी कामं आता आपल्याकडच्या मुलामुलींकडेही येतात. छोट्या बेटांवर स्थानिक मसुदाकार मोजके असतात, त्यामुळे राष्ट्रकुलातून माणसं बोलावतात. आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं जे जे वाटलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते: भरतीचं कलम सर्वांत शेवटी लिहायचं. का, ते पुढे येईलच.

१. टेबलावर काय काय हवं

लिहायला बसण्याआधी एवढे कागद गोळा करा:

- त्या प्रदेशाच्या संविधानाची ताजी प्रत. हे संविधान लंडनहून 'ऑर्डर' म्हणून निघालेलं असतं आणि त्याच्या दुरुस्त्या वेगळ्या असतात, त्या जोडून वाचा.
- तिथला आत्ताचा संरक्षण कायदा, त्याखालचे नियम आणि दलाचे स्थायी आदेश.
- तिथला अर्थनिर्णयनाचा कायदा (कायद्यातल्या शब्दांचा अर्थ कसा लावायचा ते सांगणारा), म्हणजे आपल्या 'जनरल क्लॉजेस अॅक्ट'चा भाऊ.
- स्थानिक नोकरी कायदा, स्थलांतर कायदा, पेन्शन कायदा, आणि अपघात भरपाईचा असेल तर तोही.
- ब्रिटनचे तीन कायदे: १९९६ चा रिझर्व्ह फोर्सेस अॅक्ट, १९८५ चा राखीव सैनिकांच्या नोकरीसंरक्षणाचा कायदा आणि २००६ चा आर्म्ड फोर्सेस अॅक्ट.
- शेजारच्या प्रदेशांचे संरक्षण कायदे.
- दलाच्या अॅडज्युटंटचा, म्हणजे दलाचं रोजचं प्रशासन बघणाऱ्या अधिकाऱ्याचा, फोन नंबर. हा कागद नाही, पण सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो हाच.

ब्रिटनचे चौदा परदेशी प्रदेश आहेत आणि त्यांतल्या सहांकडे स्वतःचं दल आहे: बर्म्युडा, जिब्राल्टर, फॉकलंड, मॉन्टसेरात, केमन आणि टर्क्स व केकॉस. शेवटची दोन २०२० साली उभी राहिली. २०१७ च्या इर्मासारख्या वादळांनी या भागाची जी दैना केली, त्यानंतर आपल्या मदतीला आपलेच प्रशिक्षित हात हवेत, हा विचार त्यामागे होता. नवा मसुदाकार साहजिकच केमनचा कायदा उचलतो, कारण तो ताजा आणि नीटनेटका आहे. उचला, पण केमनने कोऱ्या पाटीवर लिहिलं होतं. तुमच्याकडे जुनं दल, जुने करार आणि जुनी भांडणं असतील तर बर्म्युडाच्या १९६५ च्या कायद्याला पडलेली ठिगळं वाचणं जास्त उपयोगाचं.

२. शब्दांची फसगत आधी मिटवा

आपल्याकडून गेलेल्या माणसाला तीन शब्द हमखास पाडतात.

पहिला 'ऑर्डिनन्स'. आपल्या डोक्यात लगेच अध्यादेश येतो: सभागृह चालू नाही, राज्यपालांनी काढला, सहा आठवड्यांचं घड्याळ सुरू. फॉकलंडमध्ये किंवा टर्क्स व केकॉसमध्ये ऑर्डिनन्स म्हणजे सभागृहाने रीतसर मंजूर केलेला साधा कायदा. जिब्राल्टरमध्येही २००६ च्या संविधानाआधी हाच शब्द होता, नंतर तिथे 'अॅक्ट' आला. केमनमध्ये तर २०२० पर्यंत कायद्याच्या नावात नुसतं 'लॉ' असायचं. जुन्या कायद्याचा हवाला देताना नाव कुठल्या वर्षी बदललं ते तपासा, नाहीतर निरसनाच्या कलमात अस्तित्वात नसलेला कायदा रद्द करून बसाल.

दुसरा 'गव्हर्नर'. हा आपला राज्यपाल नव्हे. आपला राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. बेटावरच्या गव्हर्नरला लंडनने पाठवलेलं असतं आणि संरक्षणाच्या बाबतीत तो स्वतःच्या विवेकाने निर्णय घेतो. त्याबद्दल पुढच्या पायरीत.

तिसरा 'रिझर्व्ह'. एकाच फाइलमध्ये हा शब्द तीन अर्थांनी येतो: राखीव दल, गव्हर्नरचे राखीव अधिकार आणि लंडनच्या संमतीसाठी राखून ठेवलेलं विधेयक. एका बैठकीत मी आणि समोरचे गृहस्थ दहा मिनिटं वेगवेगळ्या 'रिझर्व्ह'बद्दल बोलत होतो आणि दोघांनाही समोरचा ठार चुकतोय असं वाटत होतं.

एक ओळखीचा शब्दही भेटेल: 'एम्बॉडिमेंट', म्हणजे अर्धवेळ दलाला पूर्णवेळ सेवेवर घेणं. बर्म्युडात चक्रीवादळ आलं की गव्हर्नर रेजिमेंटला 'एम्बॉडी' करतो. आपल्या टेरिटोरियल आर्मीतही (टीए) हाच शब्द आहे. पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या टीए बटालियनमधल्या कुणालाही विचारा, तो लगेच सांगेल. १९४८ चा आपला टीए कायदा शेजारी ठेवून बसा. दोन्ही घरांची भांडी एकाच दुकानातली आहेत.

३. अधिकार कुणाचा आणि पैसा कुणाचा

बर्म्युडाच्या १९६८ च्या संविधानाचं ६२ वं कलम किंवा केमनच्या २००९ च्या संविधानाचं ५५ वं कलम उघडा. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, अंतर्गत सुरक्षा आणि पोलीस या गव्हर्नरच्या खास जबाबदाऱ्या आहेत. निवडून आलेल्या सरकारचा तिथे सल्ला चालतो, हुकूम नाही.

दलाचा पगार, गणवेश, बोटी आणि छावणीचं वीजबिल मात्र स्थानिक तिजोरीतून जातं. म्हणजे हुकूम एकाचा आणि चेक दुसऱ्याचा. या दोघांमधली शिवण कायद्यातच घट्ट घालावी लागते. ती सैल राहिली तर पहिल्याच मोठ्या पाचारणाला, म्हणजे दलाला सेवेवर बोलावण्याच्या वेळी, उसवते.

माझ्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं: 'मंत्रिमंडळ आदेशाद्वारे दलाला पाचारण करू शकेल.' हाताच्या सवयीनं लिहून गेले. कागद परत आला तेव्हा त्या ओळीवर लाल शाईची एक सरळ रेघ होती आणि समासात फक्त 'संविधान' एवढा एकच शब्द. दलाला बाहेर काढणं गव्हर्नरचं काम. दलाची कमाल संख्या किती, पगाराची श्रेणी काय आणि भरतीवर दरवर्षी किती खर्चायचं, हे मात्र सभागृहाशी बांधता येतं. प्रत्येक 'शकेल'च्या आधी कर्ता कोण आहे, त्याची एक यादी करा. एका बाजूला गव्हर्नर, दुसऱ्या बाजूला मंत्री, तिसऱ्या बाजूला कमांडिंग ऑफिसर. जिथे 'गव्हर्नर, मंत्र्यांशी सल्लामसलत करून' असं म्हणायचं असेल तिथे सल्लामसलतीला वेळच मिळाला नाही तर काय, तेही लगेच खाली लिहा.

४. सक्ती की स्वेच्छा, हे लेखी घ्या

टिपणात 'स्वयंसेवक' असं लिहिलेलं असलं तरी पुन्हा विचारा. लोक मिळाले नाहीत तर सक्तीचा दरवाजा उघडा ठेवायचा आहे का? हा प्रश्न कुणालाच आवडत नाही, म्हणूनच त्याचं उत्तर कागदावर हवं.

बर्म्युडाची गोष्ट इथे नीट समजून घ्यावी. क्षेत्रफळ त्रेपन्न चौरस किलोमीटर, लोकसंख्या साठ-पासष्ट हजार. गोऱ्यांची आणि काळ्यांची अशी दोन वेगळी जुनी दलं १९६५ साली एकत्र करून तिथली रेजिमेंट झाली. कायद्यात आधी स्वेच्छेची भरती होती आणि ती अपुरी पडली तर सक्तीची. प्रत्यक्षात अनेक दशकं संगणकावर चिठ्ठी निघायची. तरुण पुरुषांची नावं त्यात यायची आणि ज्याचं नाव आलं तो तीन वर्षं दोन महिने अर्धवेळ बांधला जायचा. बायका स्वेच्छेने येऊ शकत, पण चिठ्ठीत त्यांची नावं नसत.

काही तरुण न्यायालयात गेले. स्वेच्छेच्या भरतीचा खरा प्रयत्न तरी झाला का, आणि फक्त पुरुषांनाच का, असे त्यांचे मुद्दे होते. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे या बेटांच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, पोचलं आणि २०१० साली अपील फेटाळलं गेलं. सरकार जिंकलं, पण 'अपुरी पडली तर' एवढ्या तीन शब्दांवर किती वर्षांची वकिली झाली ते बघा. अपुरी म्हणजे किती? कोण ठरवणार? जाहिरात किती दिवस द्यायची? शेवटी १ जुलै २०१८ पासून सक्तीची भरतीच बंद झाली.

दुसरीकडे, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २०११ साली आर्मेनियाच्या एका प्रकरणात विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून सैनिकी सेवा नाकारणाऱ्याला धर्म आणि विवेकस्वातंत्र्याच्या कलमाचं संरक्षण दिलं. त्यामुळे सक्तीची पुसटशीही तरतूद ठेवायची असेल तर तिच्याबरोबर सूट मागण्याची पद्धत, स्वतंत्र न्यायाधिकरण आणि पर्यायी सेवा हे तिन्ही हवं. नसेल ठेवायची तर 'केवळ स्वेच्छेने' असे दोन शब्द लिहा आणि पुढे जा. मधलं, धूसर काही लिहू नका.

५. शेवटून सुरुवात: माणूस परत कामावर कसा जाणार

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

अॅडज्युटंटला फोन केला तेव्हा मी विचारलं होतं की लोक का येत नाहीत. मला वाटलं, शिस्त कडक आहे, पगार कमी आहे, असं काहीतरी म्हणेल. तो म्हणाला, 'शिबिराला दोन आठवडे सुट्टी मागितली की हॉटेलचा मॅनेजर तोंड वाकडं करतो. वादळ आलं की हॉटेललाही माणूस हवा असतो आणि आम्हालाही.' संपलं. माझी चार पानांची भरतीची कलमं या एका वाक्यापुढे निरुपयोगी होती. बेटावर नोकऱ्या देणारे मोजके, सगळे एकमेकांना ओळखणारे. एका मालकाशी बिनसलं की दुसऱ्याच्या कानावर त्याच संध्याकाळी जातं.

ब्रिटनचा १९८५ चा नोकरीसंरक्षणाचा कायदा इथे नमुना म्हणून घ्या. तो बेटांवर आपोआप लागू होत नाही, हे लक्षात ठेवा. नव्या माणसांची इथे मोठी चूक होते. त्यांना वाटतं, ब्रिटिश दल म्हटल्यावर ब्रिटिश संरक्षण असणारच. त्या कायद्याची रचना अशी: सेवा संपल्यावर सैनिकाने जुन्या मालकाला लेखी अर्ज करायचा आणि तो सेवा संपल्यानंतरच्या तिसऱ्या सोमवारपर्यंत पोचला पाहिजे. मालकाने त्याला आधीच्याच कामावर घ्यायचं, ते शक्य नसेल तर शक्य तितक्या चांगल्या शर्तींवर. परत घेतल्यावर किती काळ ठेवायचं ते आधीच्या नोकरीवर ठरतं: बावन्न आठवडे सलग नोकरी असेल तर बावन्न आठवडे, तेरा ते बावन्नच्या मध्ये असेल तर सव्वीस, त्याहून कमी असेल तर तेरा. पाचारण होणार म्हणून कुणाला कामावरून काढणं हा गुन्हा आहे.

हे सगळं महिनोन्महिन्यांच्या परदेशी मोहिमेसाठी बेतलेलं आहे. बेटावरचं पाचारण बहुतेकदा आठ-दहा दिवसांचं असतं: झाडं तोडून रस्ते मोकळे करणं, पाणी वाटणं, लुटालूट होऊ नये म्हणून गस्त. दहा दिवसांसाठी 'तिसऱ्या सोमवारपर्यंत लेखी अर्ज' हास्यास्पद ठरतो, कारण तोवर माणूस तीन आठवडे बिनपगारी बसेल. म्हणून दोन पट्ट्या करा. छोट्या पाचारणासाठी अर्जच नको. कमांडिंग ऑफिसरचं एका ओळीचं प्रमाणपत्र दाखवलं की तो पुढच्या पाळीला कामावर. मोठ्या पाचारणासाठी ब्रिटनसारखी पद्धत.

आणि हे चार सापळे:

पहिला, हंगामी नोकर. पर्यटनाच्या बेटावर निम्मे करार हंगामापुरते. 'पाचारणाच्या काळात करार संपला तर' याचं उत्तर मसुद्यात नसेल तर मालक तेवढीच वाट बघेल.

दुसरा, वार्षिक शिबिर. पाचारणाला संरक्षण दिलं आणि शिबिराला विसरलं, असं मी स्वतः केलं. सैनिक वर्षाकाठी पाचारणावर शून्य दिवस जाऊ शकतो, शिबिराला मात्र दरवर्षी जातो.

तिसरा, नोकरी मागायला आलेला राखीव सैनिक. कामावरून काढायला बंदी केली तर मालक त्याला मुळातच घेणार नाही. नोकरीवर घेतानाचा भेदभावही पकडा.

चौथा, छोटा मालक. दोन माणसांच्या गॅरेजमधला एक गेला की गॅरेज बंद. अशा मालकाला आर्थिक मदत देण्याची तरतूद ठेवा, नाहीतर कायदा फक्त मोठ्या हॉटेलांसाठी चालेल.

६. जखम, पगार, पेन्शन

छोटी पायरी, पण वगळू नका. शिबिराला जाताना स्कूटरवरून पडलेला सैनिक 'सेवेत' होता का? छावणीच्या फाटकापासून सेवा सुरू की घरापासून? कलमात स्पष्ट लिहा. अर्धवेळ दलातल्या माणसाची भरपाई त्याच्या मुलकी पगारावर मोजा. दलाच्या दैनंदिन भत्त्यावर मोजली तर पाय गमावलेल्या सुताराच्या हाती चिल्लर पडेल.

७. पाचारणाची पद्धत रात्रीच्या अंधारात चालली पाहिजे

१ एप्रिल १९८२ च्या दुपारी फॉकलंडचे गव्हर्नर रेक्स हंट यांना कळलं की अर्जेंटिनाचं आरमार येतं आहे. त्यांनी संध्याकाळी स्थानिक रेडिओवरून लोकांना सांगितलं आणि डिफेन्स फोर्सच्या माणसांना ड्रिल हॉलवर हजर व्हायला सांगितलं. सुमारे दोन डझन माणसं आली. दुसऱ्या दिवशी पहाटे बेटावर सैन्य उतरलं.

आता तुमचा मसुदा त्या संध्याकाळी ठेवून बघा. त्यात 'नोंदणीकृत पत्त्यावर लेखी नोटीस बजावून' असं असेल तर तो आत्ताच फाडा. नोटीस रेडिओवरून, फोनच्या संदेशाने किंवा सायरन वाजवूनही चालेल असं लिहा, आणि लेखी आदेश अठ्ठेचाळीस तासांत मागाहून निघेल अशी तरतूद करा. त्याचबरोबर ज्याला संदेश पोचलाच नाही त्याला गैरहजेरीची शिक्षा होणार नाही, हेही त्याच कलमात. वादळात सगळ्यात आधी मोबाइलचे टॉवरच पडतात. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धनच्या आमच्या घरी आईशी बोलायला मला चार दिवस लागले होते. हे कलम लिहिताना ते चार दिवस डोक्यात होते.

पाचारणाची कारणं वेगवेगळी ठेवा आणि प्रत्येकाला वेगळी कमाल मुदत द्या. ब्रिटनच्या १९९६ च्या कायद्यातही राष्ट्रावरचं संकट, युद्धसदृश कारवाई आणि जीवित-मालमत्तेचं रक्षण असे वेगळे कप्पे आहेत. बेटासाठी नैसर्गिक आपत्तीचा कप्पा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सुटसुटीत हवा. दंगलीसाठी दल बाहेर काढण्याचा कप्पा सगळ्यात अरुंद. १९७७ साली बर्म्युडात दोन फाशींनंतर दंगल झाली आणि रेजिमेंटला बाहेर काढावं लागलं. आपल्याच गल्लीतल्या लोकांसमोर बंदूक घेऊन उभं राहायची वेळ कुणावर येऊ शकते, हे भरतीच्या फॉर्मवर सही करण्याआधी त्याला कळलेलं असावं.

परदेशातली मदत हा वेगळा मुद्दा. २०१९ च्या डोरियन वादळानंतर बर्म्युडाचे सैनिक बहामाला गेले होते. बेटाबाहेर जाणं संमतीशिवाय नाही, की आदेशाने? हे राजकीय उत्तर आहे, ते तुम्ही ठरवू नका. विचारा.

८. शिस्त: दुसऱ्याचा कायदा उसना घेताना

शिस्तीची स्वतंत्र संहिता लिहायला कुणाकडे वेळ नसतो. ब्रिटनचा २००६ चा आर्म्ड फोर्सेस अॅक्ट फेरफारांसह लागू करणं ही रुळलेली वाट आहे आणि ती चालण्याजोगी आहे. पण तो कायदा दर पाच वर्षांनी संसदेकडून नवा करून घ्यावा लागतो. २०११, २०१६ आणि २०२१ साली तसे कायदे झाले आणि २०२१ मध्ये कोर्ट मार्शलच्या रचनेतही बदल झाले. तुम्ही 'वेळोवेळी सुधारल्याप्रमाणे' असं लिहिलंत तर तिकडचा प्रत्येक बदल बेटावर आपोआप येतो, तोही सभागृहाने न पाहता. 'अमुक तारखेला जसा होता तसा' लिहिलंत तर पाच वर्षांत तो शिळा होतो. मी मधला मार्ग घेतला: सुधारणा लागू, पण गव्हर्नरने राजपत्रात सूचना काढून सभागृहापुढे ठेवल्यावरच.

फेरफारांची अनुसूची आळस न करता लिहा. 'योग्य त्या फेरफारांसह' एवढ्यावर भागवलं तर कोण कुणाच्या जागी, ते वकील ठरवतील. आणि अर्धवेळ सैनिकाला ही शिस्त केव्हा लागू, केव्हा नाही, ते घड्याळ लावून सांगा. मंगळवारच्या संध्याकाळच्या कवायतीला उशीर झाला म्हणून बुधवारी बँकेत बसलेल्या कॅशिअरला लष्करी कोठडीत टाकता येतं का? मूळ कायदा पूर्णवेळ सैनिक डोळ्यापुढे ठेवून लिहिलेला आहे, हे विसरू नका.

९. आता भरतीचं कलम

इतकं झालं की भरतीचं कलम दीड पानात बसतं.

वय: ब्रिटिश लष्करात सोळाव्या वर्षी भरती होता येतं, म्हणून नमुन्यात सोळा सापडेल. मुलांच्या सैनिकी वापराबद्दलच्या २००० सालच्या ऐच्छिक करारानुसार अठरापेक्षा लहान असेल तर भरती खरोखर स्वेच्छेची हवी, पालकांची समजून-उमजून संमती हवी आणि वयाचा खात्रीलायक पुरावा हवा. ब्रिटनने केलेला करार तुमच्या प्रदेशाला लागू केला आहे का, ते आधी पाहा, पण सरळ अठरा लिहिणं सगळ्यात सोपं. बेटावर कुणालाही सोळा वर्षांचा शिपाई नको असतो.

रहिवास: इथे पाय घसरतो. बेटावर तीन वेगळ्या ओळखी असतात: ब्रिटिश नागरिकत्व, ब्रिटिश परदेशी प्रदेशाचं नागरिकत्व आणि स्थानिक दर्जा. २००२ पासून बहुतेक बेटवासीयांना पहिली दोन्ही मिळालेली आहेत, पण मतदान, जमीन आणि नोकरी ठरते ती तिसऱ्यावर. कुठे त्याला 'बिलाँगर' म्हणतात, कुठे 'बर्म्युडियन', कुठे 'केमनियन'. कलमात 'नागरिक' लिहिलंत तर कुणीच नीट सापडत नाही. स्थलांतर कायद्यातला नेमका शब्द त्याच अर्थाने घ्या.

वर्क परमिटवर आलेल्यांचं काय? बेटावरची कितीतरी तरुण, धडधाकट माणसं परमिटवरच असतात, आपली मराठी मंडळीही. घ्यायचं ठरलं तर नुसतं भरतीचं कलम पुरत नाही. परमिट एका मालकाकडच्या एका कामापुरतं असतं, त्यामुळे दलाचा भत्ता घेतला तर तो माणूस स्थलांतर कायदा मोडतो. अनुषंगिक दुरुस्ती तिकडे करा. मी केली नव्हती. एका कनिष्ठ सहकारी मुलीने ही चूक शेवटच्या वाचनात पकडली, त्या मुलीला अजून दरवर्षी दिवाळीला फराळ पाठवते.

दुहेरी टोप्या: फॉकलंडची लोकसंख्या साडेतीन हजारांच्या आसपास. अशा जागी अग्निशमनचा स्वयंसेवक, विमानतळावरचा कामगार आणि राखीव सैनिक हा एकच माणूस असू शकतो. सायरन वाजला की तो कुठे धावणार? अत्यावश्यक सेवांची यादी अनुसूचीत द्या आणि ती बदलण्याचा अधिकार नियमांत ठेवा.

बाकी नेहमीचंच: वैद्यकीय तपासणी, शपथ, सेवेची मुदत, राजीनाम्याची नोटीस. शपथेत राजाचं नाव लिहू नका, 'राजमुकुट, त्याचे वारस आणि उत्तराधिकारी' लिहा. २०२२ साली राणी एलिझाबेथ गेल्यावर किती ठिकाणी फॉर्म पुन्हा छापावे लागले असतील, त्याची कल्पना करा.

१०. तीन माणसं मसुद्यातून चालवा

हे काम मी आता प्रत्येक मसुद्याला करते. कागदावर तीन माणसं काढायची. एक हॉटेलातला हंगामी वेटर, एक एकट्याने मूल वाढवणारी बँकेतली बाई, एक परमिटवर आलेला नळजोडणीवाला. प्रत्येकाला भरतीच्या दिवसापासून सेवामुक्तीपर्यंत कलमाकलमाने चालवायचं आणि जिथे उत्तर सापडत नाही तिथे लाल खूण. पहिल्या फेरीत माझ्याकडे सतरा खुणा झाल्या. त्यांतल्या अकरा एकट्या बँकेतल्या बाईच्या होत्या: गरोदरपणात मुदत थांबते का, पाचारणाच्या रात्री मुलाला कुठे ठेवणार, असे. जुन्या कायद्यात सगळीकडे 'तो' होता. नुसतं 'ती' घालून भागत नाही, कलमच नव्याने विचारात घ्यावं लागतं.

११. मंजुरीची वाट

क्रम साधारण असा: गव्हर्नरचं कार्यालय, मंत्रिमंडळ, लंडनमधलं परराष्ट्र खातं आणि त्याच्यामार्फत संरक्षण मंत्रालय, मग लोकांपुढे मसुदा, सभागृह, गव्हर्नरची संमती, राजपत्र. लंडनला कच्चा मसुदा लवकर पाठवा. सभागृहाने मंजूर केल्यावर तिकडून शंका आली तर बेटावर सगळ्यांचं नाक कापलं जातं. संमती मिळाल्यानंतरही कायदा नामंजूर करण्याचा अधिकार राजमुकुटाकडे बहुतेक ठिकाणी शिल्लक असतो. तो क्वचित वापरला जातो, पण बैठकीत त्याची आठवण मात्र वारंवार करून दिली जाते.

लोकांपुढे मसुदा ठेवताना मालकांच्या संघटनेला वेगळं बोलवा. सभागृहातल्या भाषणांपेक्षा त्या एका दुपारी जास्त कलमं बदलतात.

१२. अंमलाची तारीख तुकड्यांत

'हा कायदा राजपत्रात प्रसिद्ध झाल्या दिवशी अंमलात येईल' असं एका ओळीत उरकू नका. आधी नोकरीसंरक्षण आणि भरपाई, मग शिस्त आणि नियम, मग फॉर्म, आणि शेवटी भरती. प्रत्येकाला वेगळी सूचना काढण्याचा अधिकार गव्हर्नरला द्या. आमच्याकडे सूचना काढणाऱ्या कार्यालयाने नेमका उलटा क्रम लावला. भरतीचा भाग सोमवारी लागू झाला, त्याच आठवड्यात पंधरा जणांनी शपथ घेतली, आणि नोकरीसंरक्षणाची सूचना छापखान्यात अडकून सतरा दिवसांनी निघाली. तो सप्टेंबर होता, वादळांचा महिना. त्या सतरा दिवसांत मी रोज सकाळी आधी हवामानाचा नकाशा उघडायचे आणि मग चहा.